सिनेमा विनोदी, तरी थकवा तसाच का राहतो?

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग एकत्र येतात. वर उड्डाणपूल, बाजूला मेट्रोचे खांब, भिवंडीच्या गोदामांकडे आणि गुजरातच्या दिशेने निघालेले कंटेनर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या टीएमटीच्या बस व रिक्षा. ठाणे स्थानकात लोकलमधून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभे राहून, या नाक्यावरची कोंडी ओलांडून घरी पोहोचलेल्या नोकरदाराच्या वाट्याला स्वतःचे असे दोन-अडीच तास उरतात.

हातपाय धुऊन तो ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो. काय लावायचे यावर घरात फारशी चर्चा होत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ किंवा तसाच एखादा अनेकदा पाहिलेला सिनेमा सुरू होतो. मधूनमधून हशा पिकतो. मांडीवर मोबाइल असतो आणि त्यावर ऑफिसच्या ग्रुपचे संदेश येत राहतात. सिनेमा संपतो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. सकाळी सहाच्या गजराला तोच माणूस आदल्या रात्रीइतकाच दमलेला उठतो.

हे चित्र माजिवड्यातल्या, कळव्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या कोणत्याही सोसायटीत दिसू शकेल. विनोदी सिनेमा पाहून ताण उतरतो, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. त्याला संशोधनाचा आधारही आहे. मात्र सिनेमा किती विनोदी आहे यावर सगळे ठरत नाही. तो कसा पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि कधी बंद केला, यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ बरीचशी अवलंबून असते.

ताण घरापर्यंत येतो

कामाचा ताण म्हणजे केवळ डोक्यातले विचार नव्हेत. वरिष्ठांचा फोन, चुकलेली लोकल किंवा पुढे न सरकणारी वाहनांची रांग यांना मेंदू धोका समजतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींमधून आधी ॲड्रेनालिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल हे संप्रेरक स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, रक्तातील साखर वाढते. प्रसंग टळला की हे सारे पूर्ववत व्हावे, अशी शरीराची रचना आहे. धोका संपलाच नाही, असे मेंदूला वाटत राहिले तर ही यंत्रणा उशिरापर्यंत चालू राहते.

प्रवास हा यातला महत्त्वाचा भाग. अमेरिकेत न्यू जर्सीच्या उपनगरांतून रेल्वेने मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्या २०८ प्रवाशांचा अभ्यास रिचर्ड वेनर आणि गॅरी इव्हान्स यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवास जितका लांब, तितके लाळेतील कॉर्टिसोल जास्त, असे त्यात आढळले. याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात प्रवासाची अनिश्चितता ताण वाढवते, असे दिसले होते. आज किती वेळ लागेल हे सांगता न येणे, हाच तो त्रास. माजिवड्याहून घोडबंदरच्या दिशेने रोज जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हसताना काय घडते?

खळखळून हसणे ही एक शारीरिक मेहनतच आहे. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू भराभर आकुंचन पावतात, छातीतली हवा छोट्या छोट्या झटक्यांनी बाहेर फेकली जाते आणि पोट दुखू लागते. त्या काही क्षणांत हृदयाचे ठोके वाढतात, पण हसू ओसरल्यावर स्नायू सैल पडतात. हसून हसून हातातली वस्तू धरवत नाही, ती यामुळेच.

ब्रिटनमधील उत्क्रांती-मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि त्याआधी व नंतर ते किती वेदना सहन करू शकतात हे मोजले. त्यासाठी गोठवलेले आवरण हातावर चढवणे किंवा रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने हात आवळणे अशा साध्या युक्त्या वापरल्या. इतरांबरोबर मनापासून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली. तटस्थ माहितीपट पाहणाऱ्यांत तसे झाले नाही. शरीर स्वतःच तयार करत असलेली वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, यामागे असावीत, असा या गटाचा अंदाज होता. फिनलंडमधील तुर्कू येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन याला दुजोरा दिला. जवळच्या मित्रांबरोबर विनोदी चित्रफिती पाहून हसलेल्या १२ पुरुषांच्या मेंदूत अफूसदृश नैसर्गिक रसायने स्रवल्याची चिन्हे दिसली.

रक्तवाहिन्यांवरही परिणाम दिसला आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ मायकेल मिलर यांनी २००५ मध्ये २० निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. त्यांना एकदा ‘किंगपिन’ या विनोदी चित्रपटाचा आणि दुसऱ्यांदा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या युद्धपटाचा भाग दाखवला. विनोदी भाग पाहिल्यावर दंडाच्या रोहिणीतला रक्तप्रवाह सरासरी २२ टक्क्यांनी वाढला, तर युद्धाची दृश्ये पाहिल्यावर तो ३५ टक्क्यांनी घटला.

कॉर्टिसोलबाबतचा सर्वांत नेमका आकडा २०२३ मधील एका आढाव्यात मिळतो. आठ अभ्यास आणि एकूण ३१५ सहभागी यांची माहिती एकत्र केल्यावर, हसवण्याच्या उपक्रमात भाग घेतलेल्यांचे कॉर्टिसोल तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३२ टक्के अधिक घटल्याचे दिसले. एकाच सत्रानेही घट झाली. आकडा मोठा आहे, पण जपून वाचायला हवा. अभ्यास मोजके आणि बहुतेक छोटे आहेत. शिवाय आपण हसलो की नाही, हे सहभागी व्यक्तीला कळतेच. औषधांच्या चाचणीत जशी खोटी गोळी देता येते, तसे खोटे हसू देता येत नाही. त्यामुळे विनोदी सिनेमा ताण कमी करण्यास मदत करतो, असे म्हणता येईल. तो अमुक टक्के ताण घालवतो, असे मात्र म्हणता येणार नाही.

पाहिलेलाच सिनेमा पुन्हा का?

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. सचिन पिळगांवकर यांचे दिग्दर्शन, वसंत सबनीस यांचे लेखन आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे व स्वतः सचिन यांच्या भूमिका. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ मधील ‘बीवी और मकान’वरून बेतलेल्या या कथेत पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायकांचे वेश घेतात. संवाद तोंडपाठ असलेली माणसे आजही तो लागला की हलत नाहीत.

कथेचा गाभा पाहिला तर तो ताणाचाच आहे. राहायला जागा नाही, घरमालकिणीला केवळ जोडपी हवी आहेत, खोटे उघडे पडले तर सगळेच रस्त्यावर. ज्यांनी ठाण्यात भाड्याची जागा शोधली आहे त्यांना यातली धास्ती ठाऊक असते. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादी गोष्ट नेहमीच्या चौकटीला धक्का देणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली की हसू फुटते. घर जाण्याची भीती खऱ्या आयुष्यात घाम फोडते. पडद्यावर तीच भीती साडी सावरत धावते तेव्हा तिची धार जाते.

शेवट माहीत असणे ही आणखी एक जमेची बाजू. मानसशास्त्रज्ञ जे डेरिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मनावर ताबा ठेवून दमलेली माणसे आवडत्या, आधी पाहिलेल्या मालिकेकडे वळतात आणि त्यानंतर त्यांना ताजेतवाने वाटते, असे आढळले. टीव्हीवर जे लागेल ते पाहण्याने तसा फायदा दिसला नाही. मनाची शक्ती दिवसभरात खर्च होते, या ज्या कल्पनेवर हा अभ्यास उभा आहे, तिच्यावर पुढे बरेच प्रश्नचिन्ह लागले. तरी रोजच्या अनुभवाशी निष्कर्ष जुळतो. दिवसभर अनिश्चिततेशी झुंजलेल्या माणसाला पुढच्या प्रसंगात काय होणार हे माहीत असणेच सुखाचे वाटते. नवे नाव शोधत अर्धा तास यादी चाळण्यापेक्षा ओळखीचा सिनेमा लावणे म्हणजे आळस नव्हे.

मांडीवरचे ऑफिस

मग तरीही थकवा का उरतो? याचे पहिले उत्तर मांडीवरच्या मोबाइलमध्ये आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कसा सावरतो याची चार अंगे मांडली: कामापासून मनाने दूर होणे, शरीर-मन सैल पडणे, कामाबाहेरचे काहीतरी जमू लागण्याचा आनंद आणि आपला वेळ आपल्या हातात असल्याची जाणीव. यांतले पहिले अंग विशेष महत्त्वाचे आहे. माणूस ऑफिसातून निघाला, पण मन तिथेच राहिले तर विश्रांतीची यंत्रणा पुरती सुरू होत नाही.

विनोदी सिनेमा हे काम उत्तम करू शकतो, कारण प्रसंगाचा धागा सुटला की विनोद हरवतो. त्यासाठी पूर्ण लक्ष द्यावे लागते आणि तेवढा वेळ ऑफिसला जागा उरत नाही. दर पाच मिनिटांनी फोन उजळला की हा फायदा जातो. उत्तर पाठवले नाही तरी उद्याच्या बैठकीचा विचार डोक्यात शिरलेला असतो.

दोष नेहमी फोन पाहणाऱ्याचा नसतो. रात्री दहाला आलेल्या संदेशाला उत्तर न दिल्यास सकाळी विचारणा होईल, ही भीती अनेकदा खरी असते. फ्रान्समध्ये २०१७ च्या सुरुवातीपासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क कायद्यात आला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तोवर घरापुरता एक नियम करता येतो. सिनेमा सुरू असेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि खरोखर तातडीचे असेल तर फोन करा, असे सहकाऱ्यांना सांगून ठेवायचे.

अपराधी वाटण्याची किंमत

दुसरा अडथळा मनातला आहे. ‘मुलाचा अभ्यास घ्यायचा राहिला, व्यायाम राहिला आणि मी इथे लोळतोय.’ लिओनार्ड राइनेके आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७१ जणांच्या पाहणीत हेच तपासले. काम किंवा शिक्षणाचा दिवस संपवून जे अधिक दमलेले होते, तेच टीव्ही पाहण्याला वेळकाढूपणा मानण्याची, त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याची शक्यता अधिक होती. या अपराधी भावनेमुळे टीव्हीचा विसावाही त्यांना कमी मिळाला. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती लाभू नये, असा हा उलटा न्याय.

घरातल्या बाईच्या बाबतीत हे आणखी तीव्र होते. तीही त्याच लोकलने आलेली असते, पण सिनेमा सुरू असताना ओटा आवरणे, डबे घासणे, उद्याची भाजी निवडणे हेही चालू असते. तिच्या कानावर हशा पडतो, प्रसंग पाहायला मिळत नाही. सोनेनटाग यांनी सांगितलेला ‘आपला वेळ आपल्या हातात’ हा भाग तिच्या वाट्याला येत नाही. सिनेमा सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून वीस मिनिटे आवराआवर केली तर सिनेमा सगळ्यांचा होईल.

एकट्याचे हसू, सगळ्यांचे हसू

हसण्यावर अनेक वर्षे संशोधन केलेले अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले, की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक इतरांच्या सहवासात हसतो. एकटा माणूस विनोद कळूनही बहुधा नुसता स्मित करतो. डनबार आणि तुर्कूच्या प्रयोगांतही सहभागी इतरांसोबत हसत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हसू संसर्गजन्य असते याचा अनुभव मुंबईने जगाला दिला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी इथल्या एका उद्यानात अवघ्या पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसणे चालले. काही दिवसांत चांगले विनोद संपले, तेव्हा निमित्ताशिवायच एकमेकांकडे पाहत हसायचे ठरले. पुढे ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. घरात चार जण चार पडद्यांवर चार वेगळ्या गोष्टी पाहत असतील, तर हा संसर्गच होत नाही. आजी, नातू आणि दमलेला बाप एकाच प्रसंगाला हसतात, तेव्हा त्याचा परिणाम वेगळा असतो.

झोपेतून वळती होणारी रक्कम

तिसरा आणि सर्वांत महागडा अडथळा म्हणजे उशीर. रात्री दहाला सुरू केलेला पूर्ण लांबीचा सिनेमा साडेबाराच्या आत संपत नाही. सहाला उठायचे असेल तर झोप साडेपाच तासांची होते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी. सिनेमाने उतरवलेला ताण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी परत चढतो.

मालिकांचे भाग एकामागून एक पाहण्याची सवय याहून त्रासदायक ठरते. बेल्जियममधील संशोधकांनी २०१७ मध्ये १८ ते २५ वयोगटातील ४२३ जणांची पाहणी केली. सलग भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक खराब होती आणि त्याचे मुख्य कारण झोपायला जाताना मन जागे, उत्तेजित असणे हे होते. पडद्याच्या प्रकाशाचाही वाटा असतो. १२ जणांवरील २०१५ च्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे प्रमाणही घटले. दूरच्या टीव्हीपेक्षा डोळ्यांजवळ धरलेला मोबाइल या बाबतीत वाईट.

इथे ओळखीचा सिनेमा पुन्हा कामी येतो. शेवट ठाऊक असल्याने तो मध्येच थांबवता येतो. आज अर्धा, उद्या अर्धा, असे केले तरी काही बिघडत नाही. पाऊण तास मनसोक्त हसून साडेदहा-अकराला दिवे मालवणे, हे अडीच तासांच्या अर्धवट लक्षापेक्षा फायद्याचे.

हसणे हा उपचार नव्हे

अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांनी १९७६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव लिहिला. दुखण्याने अंथरुणाला खिळलेले असताना विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे खळखळून हसले की दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांना जाणवले होते. तो लेख जगभर गाजला. मात्र तो एका माणसाचा अनुभव होता, चाचणी नव्हती. शस्त्रक्रियेचे टाके ताजे असतील किंवा हर्निया, दमा असेल तर जोराच्या हसण्याने त्रासही होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाची मर्यादा वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. हा धोका रोज रात्री सिनेमा पाहून भरून निघणारा नाही. कामाचे तास आणि प्रवास आटोक्यात येणे हाच त्यावरचा खरा इलाज.

आणखी एक खूण ओळखायला हवी. एरवी हमखास हसवणारा सिनेमा लावूनही हसू येईनासे झाले, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर तो केवळ कामाचा थकवा नसू शकतो. नैराश्याची ही लक्षणे असू शकतात. अशा वेळी आणखी एक सिनेमा न लावता डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

ज्यांचा थकवा रोजचाच, नेहमीचा आहे, त्यांच्यासाठी उपाय साधा आहे. माजिवड्याच्या नाक्यावरची कोंडी आज रात्रीत सुटणार नाही. पण फोन आतल्या खोलीत ठेवता येतो, घरच्यांना सोबत बसवता येते आणि सिनेमा ऐन रंगात असतानाही वेळ झाली की बंद करता येतो. धनंजय माने उद्याही तिथेच असणार आहेत.